थांबत थांबत रानाकडे



दिवाळीचा फराळ संपत येतो, पहाटे गारवा जाणवू लागतो आणि घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. रजा जुळवल्या जातात, मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाहिल्या जातात, गाडीची तपासणी होते. या गडबडीत घरातील ज्येष्ठ व्यक्ती एक वाक्य हमखास उच्चारते : "तुम्ही जाऊन या रे, मी घर सांभाळीन." मंडळी थोडा आग्रह करतात, मग विषय मागे पडतो. 'त्यांनाच दगदग नको असते' असे मानून गाडी निघते.

या वाक्याचा अर्थ 'मला रान पाहायचे नाही' असा क्वचितच असतो. 'वाटेत मला चार वेळा उतरावे लागेल, माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल' असा तो बहुधा असतो. गुडघे, लघवी, औषधांच्या वेळा, रात्रीची झोपमोड या गोष्टी मोठ्याने बोलण्याचा आपल्याकडे संकोच आहे. विशेषतः सुनेसमोर किंवा जावयासमोर तो अधिकच. आजचा लेख या न बोललेल्या गोष्टींविषयी आहे, कारण त्या न बोलल्यामुळे केवळ सहलच नव्हे, तर प्रकृतीही बिघडते.

मोटारीच्या प्रवासाचा एक मोठा गुण आपण विसरतो. रेल्वेचे वेळापत्रक आपल्या हाती नसते, विमानाचे तर मुळीच नसते. स्वतःची गाडी मात्र आपल्याला हवी तेव्हा थांबवता येते. ज्येष्ठांना सोबत घेऊन निघायचे असेल तर याच गुणावर सारा बेत उभारावा. प्रथम थांबे ठरवावेत, मग ठिकाणे.

उदाहरणादाखल विदर्भातील एक वाट घेऊ. नागपूर, रामटेक, पेंच, नवेगावबांध, ताडोबा, आनंदवन आणि पुन्हा नागपूर. महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी तीन या एका फेरीत येतात. तरुण मंडळी ही फेरी तीन-चार दिवसांत उरकतात. आपण तिला सात दिवस द्यावेत आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. उन्हाळ्यात वाघ अधिक दिसतो हे खरे. पण चंद्रपूरचे ऊन वृद्ध शरीराला झेपणारे नाही. पावसाळ्याचे साधारण तीन महिने अभयारण्यांचा गाभा बंदच असतो.

न प्यालेले पाणी

प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांपैकी अनेक जण आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात. स्वच्छ शौचालय मिळेल की नाही याची धास्ती, वारंवार गाडी थांबवण्याचा संकोच, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांमध्ये खोकताना-शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास, अशी कारणे निरनिराळी असली तरी उपाय मात्र सर्वांना एकच सुचतो. तो उपाय घातक आहे.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरात पाणी कमी पडले तरी घसा तसे सांगत नाही. त्यात आपणहून पाणी तोडले की उठताना चक्कर येते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि काही जणांना चक्क भ्रम होऊ लागतो. नव्या जागी, रात्रीच्या वेळी आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, तर त्यामागे अनेकदा पाण्याची कमतरता किंवा संसर्ग असतो. अनोळखी न्हाणीघरात चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही त्याच साखळीतील पुढची कडी.

म्हणून दर दीड ते दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कोणी मागणी करो अथवा न करो. हा नियम घरातून निघतानाच सर्वांना सांगावा. "बाबा, थांबायचं का?" असे विचारले की "नको, चालेल मला" हेच उत्तर येणार. त्याऐवजी चालकानेच म्हणावे, "मला पाय मोकळे करायचे आहेत." मागण्याचे ओझे उतरले की पाणी आपोआप प्यायले जाते. महामार्गावरील पेट्रोल पंप आणि मोठी उपाहारगृहे यांचे थांबे आधीच हेरून ठेवावेत. सोबत साबण, टिश्यूचा कागद, टॉर्च आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड असावा. गरज असेल त्यांनी प्रौढांसाठी मिळणारे डायपर वापरण्यात कसलाही कमीपणा मानू नये. चष्मा लावावा तितकीच ती साधी गोष्ट आहे.

ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, ते प्रवासाच्या दिवशी ती गोळी परस्पर टाळतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांत याने पायांवर सूज आणि धाप वाढू शकते. गोळी टाळू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना पाणी मोजूनच पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे.

पाय आणि पाठ

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलण्याचे काम करतात. एकाच जागी सलग चार तासांहून अधिक बसले तर हे काम मंदावते आणि पायांच्या खोल रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग असेल किंवा वजन फार असेल, तर हा धोका आणखी अधिक. प्रत्येक थांब्यावर पाच-सात मिनिटे चालावे. गाडीत बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून ते सोडून देऊ नये. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. शेजाऱ्याने सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा घट्ट पायमोजे सुरू करू नयेत. दोन्हींसाठी डॉक्टरांचा सल्ला हवा.

पाठीचा प्रश्न जंगलात शिरल्यावर येतो. सफारीची उघडी जिप्सी उंच असते आणि कच्च्या वाटेवर ती उसळते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला एखाद्या जोराच्या हिसक्याने मणका दबण्याचा धोका असतो. मागच्या चाकांवरील शेवटच्या रांगेत धक्के सर्वाधिक बसतात, म्हणून चालकाच्या लगतची रांग ज्येष्ठांसाठी राखावी. बुडाखाली जाड उशी, चढण्यासाठी लहान स्टूल आणि "गाडी हळू चालवा" ही चालकाला निघण्यापूर्वीच केलेली विनंती, एवढ्याने बराच फरक पडतो. मणक्याचा अस्थिभंग पूर्वी झाला असेल, तर मात्र जिप्सीचा मोह सोडावा.

पहिला मुक्काम : पेंच

नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटरवर आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. गडावर गाडी बरीच वरपर्यंत जात असली तरी पायऱ्या उरतातच. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी जवळच्या खिंडसी तलावाकाठी बसावे. डोंगर आणि पाणी दोन्ही तिथून दिसतात. घरच्या मंडळींनी दोन गट करावेत; एक वर जाईल, एक खाली थांबेल. खाली थांबणाऱ्यांत एखादे नातवंड असेल तर तो वेळ सहलीतील सर्वांत बोलका ठरतो.

पुढे पेंच. नदीच्या नावाने ओळखले जाणारे हे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले. त्याच्या परिसरातून जाणारा महामार्ग काही ठिकाणी खांबांवर उचलून घेतला आहे आणि वन्यप्राणी त्याखालून ये-जा करतात. तेथे प्राणी पाहण्यासाठी गाडी थांबवू नये. आपला थांबा त्याआधी किंवा त्यानंतर घ्यावा.

पेंचमध्ये एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी एक पाऊलही चालावे लागत नाही : तेथील रात्रीचे आकाश. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. कृत्रिम प्रकाश कमी असल्याने शहरात कधीच न दिसणाऱ्या चांदण्या तेथे दिसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांनी नव्या डोळ्यांनी आकाश अजून पाहिलेलेच नसते. मुक्कामाच्या अंगणात आरामखुर्ची टाकावी, कानटोपी आणि शाल घ्यावी, आणि मृग नक्षत्र, कृत्तिका शोधाव्यात. ही नक्षत्रे नातवंडांपेक्षा आजीलाच अधिक ठाऊक असतात. मात्र मान फार वेळ मागे टाकून उभे राहू नये, चक्कर येते. परतताना टॉर्च पायांपुढे धरावी.

दुसरा मुक्काम : नवेगावबांध

पेंचहून भंडारा आणि साकोलीमार्गे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला यावे. थांब्यांसह अर्धा दिवस धरावा आणि त्या दिवशी दुसरे काहीही करू नये. ज्येष्ठांच्या सहलीत प्रवासाचा दिवस आणि पाहण्याचा दिवस वेगळे असावेत.

येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे सांगितले जाते. कोहळी समाज तलाव बांधण्यात निष्णात होता. पूर्व विदर्भातील तलावांवर त्यांची छाप आजही आहे. याच रानात मारुती चितमपल्ली यांनी वन अधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली, आणि त्यांच्या लेखनातून हा तलाव व येथील पक्षी मराठी वाचकांच्या घरांत पोहोचले. आपल्यापैकी अनेकांनी ती पुस्तके वाचली असतील. वाचलेले ठिकाण सत्तराव्या वर्षी प्रत्यक्ष पाहण्याचा आनंद वेगळाच असतो.

हिवाळ्यात येथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. महाराष्ट्रातील सारस क्रौंचांचा मुख्य आधारही गोंदिया जिल्हाच आहे. धानाच्या शेतांत त्यांची जोडी कधीकधी दिसते. पक्षी पाहण्यासाठी धावपळ लागत नाही, एका जागी दीर्घ काळ शांत बसण्याची तयारी लागते. या बाबतीत ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या पुढे असतात. सकाळी ऊन थोडे वर आल्यावर काठावर खुर्ची ठेवावी, दुर्बीण हाती द्यावी आणि दोन तास कोणीही घाई करू नये. दुर्बीण जड वाटत असेल तर तिच्यासाठी तिकाटणे घ्यावे. हात कापणाऱ्यांना त्याने फार मदत होते.

तिसरा मुक्काम : ताडोबा

ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर या वाटेने ताडोबाकडे यावे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तारू नावाचा एक गोंड पुरुष वाघाशी झुंजताना मरण पावला, त्याचे देवस्थान तळ्याकाठी झाले आणि त्याच्या नावावरून 'ताडोबा' हे नाव पडले, अशी लोककथा आहे.

सफारीचे आरक्षण बरेच आधी करावे लागते, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे लागते, आणि मंगळवारी उद्यान बंद असते. हे सर्व मुले पाहतीलच. ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे. सफारी साधारण चार तासांची असते आणि आत ठरावीक जागा सोडल्यास गाडीतून उतरता येत नाही. प्रवेशद्वारापाशी लघुशंकेला जाऊनच बसावे आणि आतील थांबा कोठे आहे हे मार्गदर्शकाला आधी विचारावे. सकाळची फेरी अंधारातच सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गाडीतील वारा हाडांपर्यंत झोंबतो. थंड वाऱ्याने छातीत दुखणे किंवा दम लागणे हा त्रास ज्यांना होतो, त्यांनी दुपारची फेरी निवडावी. धुळीसाठी नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क हवा आणि दम्याचा पंप खिशात हवा, पिशवीत नव्हे.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. पहाटे गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता गाडीत बसणे धोक्याचे आहे. सफारीच्या दिवशी डोस आणि न्याहारीची वेळ कशी जुळवावी, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. हातपाय कापणे, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वागणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. गाडी तडक बाहेर काढावी.

आणि वाघ दिसला नाही तर? तळ्यातील मगर, नीलगाय, गव्यांचा कळप, सागाच्या पानावर पडलेले दव, हे दिसतेच. घरी परतल्यावर "वाघ दिसला का?" असे सारे विचारतील. त्या एका प्रश्नासाठी दोन-दोन फेऱ्या अंगावर घेऊ नयेत. एक फेरी पुरे. दुसऱ्या फेरीच्या वेळी मुक्कामी राहून दुपारची झोप काढणे, यात काही गमावल्याची भावना नसावी.

परतीच्या वाटेवर वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी ते उभारले. शरीराने साथ सोडली तरी कामाला आणि सन्मानाला जागा उरते, हे येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. सहलीचा शेवट येथे करावा, अशी आमची शिफारस आहे.

औषधांची पिशवी

• सर्व औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत, डिकीत नव्हे. ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांचा साठा अधिक घ्यावा.

• औषधांची नावे, मात्रा, वेळा, अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावर लिहून एक प्रत ज्येष्ठांच्या खिशात, एक गाडीत ठेवावी. रानात मोबाईलला अनेकदा संपर्क मिळत नाही. कागद तेव्हा कामी येतो.

• इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नये, तसेच फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे.

• चष्म्याचा दुसरा जोड, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, काठी, घट्ट बसणारे बूट आणि खोलीसाठी रात्रीचा लहान दिवा घ्यावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी घरचीच चादर आणि उशी न्यावी. ओळखीच्या वासाने रात्रीची अस्वस्थता कमी होते.

• तातडीच्या मदतीसाठी १०८ हा क्रमांक आहे. नागपूर, गोंदिया आणि चंद्रपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. प्रत्येक मुक्कामाहून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

गाडी चालवणारा आणि शुश्रूषा करणारा एकच माणूस असू नये. रात्री दोनदा उठून वडिलांना न्हाणीघरात नेणाऱ्या मुलाने सकाळी स्टिअरिंग हाती घेणे कोणाच्याच हिताचे नाही. शक्य असेल तर चालक ठेवावा. तो खर्च चैनीचा नाही. घरी बारा महिने सेवा करणारी जी व्यक्ती असते, बहुधा सून, लेक किंवा स्वतः वयस्क झालेली पत्नी, तिला या सात दिवसांत निदान एक पूर्ण सकाळ मोकळी मिळावी. त्या सकाळी औषधे, आंघोळ, न्याहारी दुसऱ्या कोणी पाहावी. ती सकाळ कोणती, हे निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे. एरवी ती कधीच उजाडत नाही.

काहींनी या वेळी जाऊ नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अलीकडेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, साधे बसल्या जागी दम लागणाऱ्यांनी आणि वारंवार तोल जाणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून निघू नये. डॉक्टर 'नको' म्हणाले तर वाट लहान करावी. आपल्या गावाजवळच्या तलावाकाठी सकाळचे तीन तास आणि सोबत घरचा डबा, ही सुद्धा सहलच. सात दिवसांची फेरी जमली नाही म्हणून अंगणाच्या पलीकडचे सारे जग बंद करू नये.

ज्येष्ठ वाचकांना शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी "तुम्ही जाऊन या" म्हणण्यापूर्वी, जे खरे कारण असेल ते एकदा बोलून पाहावे. "मला दर दोन तासांनी उतरावं लागेल, चालेल का?" एवढेच वाक्य. आणि कुटुंबीयांनो, हे वाक्य ऐकू आले तर "चालेल" म्हणून थांबू नका. नकाशा काढून त्यांच्यासमोर बसा आणि पहिला थांबा त्यांनाच निवडू द्या.